जुनी वाद्ये, मूळ स्वर आणि आपण

२२ नोव्हेंबर हा संगीतकारांची आश्रयदाती संत सिसिलिया हिचा सण. या सणाच्या निमित्ताने आपल्या धर्मग्रामांतील गायनमंडळांची आठवण केली जाते आणि वर्षभर रविवारच्या मिस्सामध्ये गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना धन्यवाद दिले जातात. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील लहान-लहान ख्रिस्ती वस्त्यांमध्ये हे गायनमंडळ म्हणजे बहुधा पाच-सात तरुण-तरुणी, एक हार्मोनियम किंवा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, आणि एखादी ढोलकी. कीबोर्डवरील एका बटणाने व्हायोलिन वाजते, दुसऱ्याने बासरी, तिसऱ्याने ढोलकाचा ठेका. सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु सर्व वाद्यांचे आवाज एका पेटीत मिळत असतील, तर प्रत्यक्ष वाद्याची गरज उरते काय, असा प्रश्न मनात येतो.

गेल्या शतकात युरोपातील काही संगीतकारांनी जवळपास हाच प्रश्न स्वतःला विचारला. त्याचे उत्तर शोधता शोधता एक मोठी चळवळ उभी राहिली. ज्या काळातील रचना, त्याच काळातील वाद्ये, हे तिचे सूत्र. या चळवळीतील एका नामवंत वाद्यवृंदाने संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पूर्वेकडील प्रवासाचा मागोवा आपल्या वादनातून घेतला. ही चळवळ काय आहे आणि तिच्यातून आपल्याला काय घेता येईल, याची ओळख प्रस्तुत लेखात करून देत आहोत.

चेंबर संगीत म्हणजे काय?

'चेंबर' म्हणजे दालन. राजवाड्यातील किंवा घरातील एखाद्या दालनात मोजक्या श्रोत्यांपुढे मोजक्या वादकांनी सादर करावयाचे संगीत ते चेंबर संगीत. मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्रात साठ ते शंभर वादक असतात, एकच स्वरावली दहा-पंधरा व्हायोलिने एकत्र वाजवतात आणि समोर छडी घेऊन संचालक उभा असतो. चेंबर समूहात दोनपासून आठ-दहापर्यंत वादक असतात. प्रत्येकाची स्वरावली स्वतंत्र असते आणि सहसा संचालक नसतो. एकमेकांचा श्वास, नजर आणि हाताची हालचाल पाहून सर्वांनी एकत्र चालायचे. आपल्याकडील भजनात पखवाजवादक, टाळकरी आणि पेटीवादक मुख्य गायकाकडे कान लावून बसतात, तशीच ही परस्परांची सोबत होय.

अशा लहान समूहात एकही वाद्य लपून राहत नाही. म्हणूनच वाद्य कोणते, त्याची तार कशाची, गज कसा, या गोष्टींना येथे फार महत्त्व येते.

वाद्ये कशी बदलली?

आज आपण पाहतो ते व्हायोलिन आणि तीनशे वर्षांपूर्वीचे व्हायोलिन दिसायला सारखेच आहेत. परंतु त्यांच्यात बराच फरक पडला आहे. जुन्या व्हायोलिनच्या तारा मेंढीच्या आतड्यापासून वळलेल्या, म्हणजे तांतेच्या असत. त्यांचा ताण कमी, आवाज मऊ आणि किंचित खरखरीत. पुढे संगीताचे कार्यक्रम दालनातून मोठ्या सभागृहात गेले. हजार-दोन हजार लोकांपर्यंत आवाज पोहोचावा म्हणून वाद्याची मान लांब करून मागे कलती केली गेली, ताण वाढला आणि विसाव्या शतकात पोलादी तारा रूढ झाल्या. हनुवटीखाली लावण्याची पट्टी तर १८२० च्या सुमारास लुई श्पोर या वादकाने प्रचारात आणली. बाखसारख्या थोर रचनाकाराला ती ठाऊकही नव्हती.

गजाचेही तसेच. जुना गज धनुष्याप्रमाणे बाहेर किंचित वाकलेला असे. त्याच्या मध्यभागी जोर येई आणि टोकाकडे स्वर आपोआप विरत जाई. फ्रान्सचे फ्रान्स्वा तुर्त यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस आतल्या बाजूला वाकलेला नवा गज सिद्ध केला. त्याने स्वर टोकापर्यंत एकाच ताकदीने ओढता येऊ लागला. नव्या गजाने दीर्घ, अखंड गाणे साधले. जुन्या गजाने बोलल्यासारखे तुटक, स्पष्ट उच्चार साधत असत. जुनी रचना नव्या गजाने वाजवली की तिची जणू बोलीच बदलते.

व्हायोला दा गांबा हे वाद्य तर आपल्याला अधिक जवळचे वाटेल. ते गुडघ्यांत धरून वाजवतात. त्याला सहा किंवा सात तांतेच्या तारा असतात आणि सतारीच्या पडद्यांप्रमाणे मानेभोवती बांधलेले, सरकवता येणारे पडदे असतात. गज धरताना तळहात वर असतो, अगदी सारंगीवादकासारखा. हार्पसिकॉर्ड हे पियानोच्या आधीचे पेटीवाद्य. त्यात पट्टी दाबली की पक्ष्याच्या पिसाची दांडी तार छेडते. नखीने सतार छेडावी तसाच तो प्रकार. पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज वाढत नाही. जुन्या तुतारीसारख्या ट्रम्पेटला कळा नव्हत्या. केवळ ओठ आणि श्वास यांच्या बळावर निसर्गतः निघतील तेवढेच स्वर काढावे लागत.

यामुळे काय फरक पडतो, याचे एक उदाहरण देता येईल. बाख यांनी १७२१ साली अर्पण केलेल्या सहा ब्रँडेनबर्ग रचनांपैकी दुसरीत ट्रम्पेट, बासरीचा एक जुना प्रकार, ओबो आणि व्हायोलिन या चार वाद्यांचा संवाद आहे. आधुनिक ट्रम्पेटपुढे ती नाजूक बासरी ऐकूच येईनाशी होते. जुना ट्रम्पेट कुशल वादकाच्या ओठी इतका हळुवार बोलतो, की चारही आवाज एकमेकांच्या शेजारी बसतात. रचनाकाराचा हिशेब चुकलेला नव्हता. वाद्ये बदलली होती.

सुराच्या उंचीचीही अशीच गोष्ट आहे. हार्मोनियम वाजवणाऱ्या वाचकांना ती सहज कळेल. आज जगभर पांढरी सहाचा स्वर सेकंदाला ४४० कंपने असा ठरलेला आहे. जुन्या काळी गावोगावी तो निराळा असे. आज जुनी वाद्ये वाजवणारे बहुतेक समूह सोयीसाठी ४१५ कंपने मानतात. म्हणजे ते ज्याला पांढरी सहा म्हणतात, तो स्वर आपल्या पेटीवर जवळजवळ काळी चारवर मिळेल. अर्धा स्वर खाली आल्याने तारांचा ताण उतरतो आणि गायकांच्या गळ्यालाही आराम पडतो.

मूळ स्वराचा शोध

आर्नल्ड डोल्मेच (१८५८–१९४०) हे फ्रान्समध्ये जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले कारागीर-वादक या कार्याचे एक आद्य प्रवर्तक. संग्रहालयांतील मुकी झालेली वाद्ये त्यांनी दुरुस्त केली, त्यांच्या प्रतिकृती स्वतः घडवल्या आणि १९२५ पासून हॅझलमिअर या गावी त्यांचा संगीत महोत्सव सुरू केला.

त्यानंतर १९५३ साली व्हिएन्ना येथे चेलोवादक निकोलाउस हार्नोन्कूर व त्यांच्या पत्नी व्हायोलिनवादक अ‍ॅलिस यांनी काही मित्रांसह एक समूह स्थापन केला. पोटासाठी आधुनिक वाद्यवृंदात नोकरी करावी आणि मोकळ्या वेळात घरी जुन्या वाद्यांचा सराव करावा, असा त्यांचा क्रम होता. चार वर्षे त्यांनी सराव केला आणि १९५७ साली ते लोकांसमोर आले. पुढे त्यांनी आणि नेदरलँड्सचे गुस्ताव लेओनहार्ट यांनी मिळून बाख यांची सुमारे दोनशे धार्मिक कँटाटा-गीते जुन्या वाद्यांवर ध्वनिमुद्रित केली. १९७१ मध्ये सुरू झालेल्या या कामाला जवळपास दोन दशके लागली.

आरंभी टीकाही पुष्कळ झाली. तांतेची तार हवा दमट होताच उतरते आणि कळा नसलेला ट्रम्पेट ऐन वेळी घसरतो. काही श्रोत्यांना हे वादन कर्कश वाटले. टीकेत तथ्य होते. वाद्ये हाती आली होती. परंतु ती वाजवण्याची परंपरा मध्येच खंडित झाली होती. गुरूकडून शिष्याकडे जे जावयाचे, ते पुस्तकांतून आणि चित्रांतून शोधून काढावे लागले. हा मुद्दा आपण लक्षात ठेवू या. वाद्य काचेच्या कपाटात शतकानुशतके टिकते. वादन मात्र केवळ माणसांतच टिकते.

संत झेवियर यांच्या वाटेवर

या चळवळीतील सर्वांत परिचित नाव म्हणजे जोर्डी सावाल. १९४१ साली कॅटालोनियातील इगुआलादा या गावी जन्मलेले सावाल लहानपणी तेथील मुलांच्या गायनमंडळात गात असत. पुढे व्हायोला दा गांबा हे वाद्य त्यांनी जगापुढे पुन्हा आणले. त्यांच्या पत्नी, गायिका मोन्सेरात फिगेरास (१९४२–२०११) आणि इतर सहकारी यांच्यासह त्यांनी १९७४ साली बाझेल येथे 'हेस्पेरियन' हा समूह स्थापन केला.

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जन्माला २००६ साली पाचशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने सावाल यांनी 'पूर्वेची वाट' या अर्थाचे नाव दिलेला संच २००७ साली प्रसिद्ध केला. झेवियर यांचा नव्हार प्रांतातील जन्म, लिस्बनहून प्रस्थान, ६ मे १५४२ रोजी गोव्यात आगमन, पुढे जपान आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या दारातील सांच्यान बेटावर झालेला अंत, असा हा प्रवास त्यात संगीतातून उलगडतो. गांबा आणि जुन्या फुंकवाद्यांच्या सोबतीला येथे आपले सरोद आणि तबला आहेत, तसेच जपानची शाकुहाची बासरी आणि बिवा हे तंतुवाद्यही आहे. पवित्र मारियेचे 'ओ ग्लोरिओसा दोमिना' हे लॅटिन स्तोत्र संपूर्ण संचात पुन्हा पुन्हा येते. ते झेवियर यांना प्रिय होते, असे परंपरा सांगते. प्रत्येक भूमीवर ते तेथील वाद्यांच्या स्वरात ऐकू येते.

ही केवळ कल्पना नव्हे. यामागे इतिहास आहे. त्या काळी गोवा हे पूर्वेकडील ख्रिस्ती संगीताचे मोठे केंद्र होते. येशूसंघीयांच्या सेंट पॉल महाविद्यालयात मुलांना संगीत शिकवले जाई. पुढे धर्मग्रामांच्या शाळांतून स्वरलेखन आणि व्हायोलिन यांचे शिक्षण पिढ्यानपिढ्या चालू राहिले. मुंबईच्या चित्रपटसंगीताला अँथनी गोन्साल्विस आणि सेबेस्टियन डिसोझा यांच्यासारखे वादक-संयोजक लाभले, ते गोव्याच्या याच संगीतपरंपरेमुळे.

जपानचे चार ख्रिस्ती कुमार १५८२ साली युरोपला निघाले, ते जाता-येता गोव्यात थांबले. युरोपात ते जुनी वाद्ये शिकले. मायदेशी परतल्यावर १५९१ साली त्यांनी क्योतो येथे जपानचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांच्यासमोर हार्पसिकॉर्ड, हार्प, ल्यूट आणि रेबेक ही वाद्ये वाजवली. चार वादक, एक दालन आणि मोजके श्रोते; हा खऱ्या अर्थाने चेंबर कार्यक्रम होता. याच हिदेयोशींच्या आज्ञेने सहा वर्षांनी, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी, नागासाकी येथे सव्वीस ख्रिस्तीजनांना क्रुसावर मारण्यात आले. त्यांत आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया होते.

१६१४ नंतर जपानात ख्रिस्ती श्रद्धेवर कडक बंदी आली. धर्मगुरू गेले, वाद्ये गेली, पुस्तके नष्ट झाली. परंतु इकित्सुकी बेटावरील गुप्त ख्रिस्ती कोळी-शेतकऱ्यांनी आपल्या प्रार्थना मुखोद्गत ठेवल्या. त्यांना ते 'ओराशो' म्हणतात. त्यांच्या 'गुरुरियोझा' या गीताचे मूळ जपानी संगीत-अभ्यासक तात्सुओ मिनागावा यांनी शोधून काढले. ते होते 'ओ ग्लोरिओसा दोमिना'. शब्द झिजले, अर्थ विसरला गेला, चाल बदलली; तरीही अडीचशे वर्षे धर्मगुरूविना त्या लोकांनी ते गीत जपले. सावाल यांच्या संचात हा धागाही गुंफलेला आहे.

आपल्या मराठीचे भाग्य वेगळे. जुनी वाद्ये युरोपात आपल्या वैभवात असतानाच, इंग्लंडहून आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली राचोल येथे 'क्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध केले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ गोव्यातील भाविक ओवीच्या चालीवर गात असत. ज्या लोकांसाठी गीत, त्या लोकांचा छंद, हे स्टीफन्स यांनी चारशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

अशा मैफली आपल्याकडे

मुंबईत बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा १९६२ साली आणि सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ साली स्थापन झाला. या संस्था प्रामुख्याने आधुनिक वाद्यांवर वादन करतात. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत प्रत्यक्ष ऐकण्याची इच्छा असणाऱ्यांना आसनगाव किंवा कल्याणहून लोकलने मुंबईस जाऊन नरिमन पॉइंट येथील एन.सी.पी.ए.मध्ये ते ऐकता येते. जुने गोवे येथे २०१६ साली सुरू झालेल्या केतेवन पवित्र संगीत महोत्सवात विविध धर्मांचे संगीत प्राचीन चर्चवास्तूंत सादर झाले आहे. जॉर्जियाच्या हुतात्मा राणी केतेवन हिचे अवशेष तेथील संत ऑगस्टीन मठाच्या भग्नावशेषांत सापडले होते, म्हणून तिचे नाव महोत्सवाला दिले आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण

२२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलियाच्या सणादिवशीच, पोप संत दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी नियम जाहीर केले. त्यांत पियानो, ढोल, झांजा यांसारखी वाद्ये चर्चमध्ये वर्ज्य ठरवण्यात आली होती. साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचे संविधान प्रसिद्ध केले. त्यात पाइप-ऑर्गनचा मान कायम ठेवून, पवित्र उपयोगास योग्य अशी इतर वाद्येही स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरण्यास मुभा दिली आहे. ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, तिला योग्य मान आणि उचित स्थान द्यावे, असेही परिषदेने सांगितले.

आपली हार्मोनियम या प्रवासाचीच साक्षीदार आहे. १८४२ साली पॅरिसमध्ये तिचे पेटंट घेतले गेले आणि मिशनऱ्यांबरोबर ती भारतात आली. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, कारण तिचे बांधीव स्वर आपल्या रागदारीतील मींड आणि श्रुती यांना न्याय देत नाहीत, असा आक्षेप होता. १९७१ पासून ती बंदी शिथिल झाली. आज भाता हाताने हलवायची ही पेटीच कीबोर्डपुढे 'जुने वाद्य' ठरू लागली आहे.

शहापूर-मुरबाडसाठी

शहापूर आणि मुरबाडच्या वाड्या-पाड्यांवर ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली हे समाज राहतात. त्यांच्याकडे ढोल आहे, नाचाच्या चाली आहेत आणि वारली समाजाचा तारपा आहे. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांतून तारपा घडतो. श्वास न तोडता वादक तो वाजवत राहतो आणि त्याच्याभोवती नाचणारे फेर धरतात. जव्हार तालुक्यातील वाळवंडा गावचे भिकल्या लाडक्या धिंडा हे या वाद्याचे नामवंत वादक व कारागीर आहेत.

प्रत्येक तारप्याचा सूर निराळा असतो, कारण प्रत्येक भोपळा निराळा. कीबोर्डशी तो जुळत नाही. एखाद्या सणाला तारपा बोलवायचा, आणि तो कीबोर्डच्या पट्टीत बसत नाही म्हणून त्याला नुसते मिरवणुकीपुढे चालवायचे, असे घडू शकते. हार्नोन्कूर आणि सावाल यांच्यापासून शिकण्यासारखे येथेच आहे. वाद्य आपल्या सोयीच्या पट्टीत ओढण्याऐवजी त्यांनी आपली पट्टी वाद्याच्या सुरावर आणली. तारपा वाजत असेल तेव्हा कीबोर्डने विश्रांती घ्यावी आणि गायकांनी तारप्याचा सूर पकडून गावे. हे अवघड नाही, थोडा सराव मात्र हवा.

दुसरी गोष्ट आदराची. तारप्याचे नाते आदिवासी बांधवांच्या भातकापणीशी, सणांशी आणि देवतांशी आहे. ते समजून न घेता त्याला वेदीजवळ शोभेसाठी ठेवणे योग्य नव्हे. प्रथम वादकाजवळ बसावे, कोणती चाल कोणत्या प्रसंगी वाजते हे त्याच्याकडून ऐकावे, आणि कोणती चाल बाहेर न्यावी, कोणती नेऊ नये, हेही त्यालाच विचारावे. उपासनेत काय योग्य, याचा निर्णय धर्मगुरूंच्या मार्गदर्शनाने व्हावा.

काळानुसार बदलही स्वीकारावे लागतात. गोव्याच्या घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावत. वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाल्यावर आता शेळीचे कातडे वापरतात. तरीही घुमट घुमटच राहिला, आणि गोवा शासनाने २०१९ साली त्याला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून घोषित केले. वाद्य टिकवायचे म्हणजे प्रत्येक वस्तू जशीच्या तशी टिकवायची असे नाही. त्याचा स्वर, ते घडवण्याची विद्या आणि वाजवणारा माणूस टिकवायचा.

आपल्या धर्मग्रामातील गायनमंडळांना तीन लहान गोष्टी आजच करता येतील. परिसरातील वयोवृद्ध वादकांची त्यांच्या संमतीने भेट घेऊन त्यांचे वादन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे; वाद्य कोणाकडून शिकले, कोणी घडवले, हेही नोंदवून ठेवावे. दोन तरुणांना त्या वादकाकडे शिकायला पाठवावे आणि त्याला योग्य मानधन द्यावे. तसेच वर्षातून एकदा, संत सिसिलियाच्या सणाला, विजेच्या वाद्यांशिवाय एक संध्याकाळ साजरी करावी. पेटी, ढोलकी, गळा आणि मिळाल्यास तारपा, एवढेच. आपले लहानसे चर्च हे त्या दिवशी चेंबरच होईल.

व्हिएन्नाच्या वादकांना तुटलेली परंपरा कागदांवरून जुळवावी लागली, आणि त्यात अनेक वर्षे गेली. आपल्या पाड्यांवर ती अद्याप पूर्ण तुटलेली नाही. जो वृद्ध वादक आज अंगणात बसून तारपा फुंकतो, तोच आपला गुरू आणि तोच आपला ग्रंथ होय. तो आहे तोवर त्याच्याजवळ जाऊन बसू या.